पिकअप मागून आवाज करते? हाऊसिंग उघडण्याआधी हे तपासा

बेळगावहून भाजी भरून गोव्याकडे चोर्ला घाट उतरत असताना मागून बारीक 'हूंऽऽ' असा सूर लागतो. रेस सोडली की वाढतो, दाबली की जिरतो. केरी गाठेपर्यंत चालकाच्या डोक्यात एकच विचार घोळत असतो: क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, गेलं.

कदाचित गेलंही असेल. पण जुन्या पिकअपच्या मागून येणारे आवाज फार फसवे असतात. हाऊसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधला, ही जोडी पोटात घेतलेला लोखंडाचा पोकळ नळा. डाव्या चाकाचा आवाज तो उजव्या बाजूला नेऊन सोडतो, आणि वरचा रिकामा हौदा ढोलासारखा तो आवाज मोठा करतो. माझ्या गाडीला चौदावं वर्ष लागलं होतं तेव्हा असाच घुरघुराट सुरू झाला. एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली, पाच मिनिटांत निदान झालं, गोळा, म्हणजे अख्खं डिफरन्शियल, खाली उतरला, नवं क्राऊन-पिनियन बसलं. तीन दिवसांनी गाडी घेऊन निघालो आणि डिचोलीचा बाजार ओलांडायच्या आत तोच घुरघुराट परत ऐकू आला. शेवटी उसगावच्या एका वयस्क मेस्त्रींनी मागचं डावं चाक जॅकवर उचललं, एक हात पाट्यावर (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) ठेवला, दुसऱ्या हाताने चाक फिरवलं आणि म्हणाले, "हात लाव हंय." चाकाच्या बेअरिंगची खरखर पाट्यातून थेट तळहाताला लागत होती. चांगलं चालणारं क्राऊन-पिनियन मी भंगारात घातलं होतं. त्या पैशांची हळहळ मला आजही आहे. नव्याने जुनी पिकअप घेतलेल्या कोणावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आत काय फिरतं

गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्ट मागे येतो. त्याच्या टोकांना क्रॉस (कोनात वळू देणारे सांधे) असतात, आणि शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मध्ये एक सेंटर बेअरिंगही असतं. मागे शाफ्ट पिनियनच्या फ्लँजला बोल्टने जोडलेला असतो. पिनियन क्राऊनला फिरवतं, क्राऊनच्या पोटातले छोटे गिअर वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात, आणि दोन एक्सल शाफ्ट ती ताकद चाकांपर्यंत नेतात. हे सगळं हाऊसिंगमध्ये. हाऊसिंग यू-बोल्टांनी पाट्यांना आवळलेलं.

सुरुवातीलाच एक मोजमाप करून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतं. मागची दोन्ही चाकं वर घेऊन, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, दोन माणसांनी दोन्ही चाकं एकत्र बरोबर एक फेरी फिरवायची आणि शाफ्ट किती फेऱ्या घेतो ते मोजायचं. शाफ्टवर खडूची रेघ मारली की मोजणं सोपं जातं. बहुतेक पिकअपमध्ये हा आकडा ४ च्या आसपास येतो. मदतीला कोणी नसेल तर एक चाक जमिनीवरच राहू द्या आणि उचललेलं चाक दोन फेऱ्या फिरवा. शाफ्टच्या फेऱ्या तेवढ्याच भरतील, कारण एक चाक अडलं की क्राऊन दुसऱ्या चाकाच्या निम्म्या वेगाने फिरतं.

आता हिशेब बघा. साधारण २.३ मीटर घेराचा टायर ४० च्या वेगाला सेकंदाला जेमतेम पाच फेऱ्या घेतो. शाफ्ट आणि पिनियन त्याच वेळी वीसच्या आसपास फिरतात. म्हणून चाकाशी संबंधित बिघाड 'घर्र... घर्र...' असा मोजता येण्याजोगा वाजतो, आणि शाफ्टचा बिघाड सलग थरथरीसारखा सीटखाली जाणवतो. नुसत्या ठेक्यावरून अर्धी गाडी संशयातून वगळता येते.

आधी रस्त्यावर

पाना हातात घ्यायच्या आधी गाडी चालवायची. सोबत एक माणूस मागे कान देऊन बसलेला हवा, हौद्यात नव्हे, केबिनमध्येच. चारही टायरमधली हवा आधी ठरलेल्या दाबावर आणा. वही बाळगा. वेग, रेस, वळण आणि रस्ता या चार गोष्टींपैकी एका वेळी एकच बदलायची. दोन एकदम बदलल्या की काहीच सिद्ध होत नाही.

सगळ्यात पहिला संशय टायरवर घ्यायचा. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या गुळगुळीत पट्ट्यावर एक फेरी मारा आणि त्याच वेगाने खडबडीत डांबरावर दुसरी. रस्ता बदलला तसा आवाज बदलला तर तो टायरचा. डिफरन्शियलला रस्ता कसला आहे हे कळत नाही. खात्री करायची असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घालून बघा. आवाज पुढे सरकला तर गोळ्याचं नाव काढायचं कारण नाही. पायरी पडल्यासारखे झिजलेले टायर हुबेहूब बेअरिंगसारखे घुरघुरतात, आणि अनुभवी माणूससुद्धा इथे चकतो.

मग सरळ, मोकळा रस्ता धरा. चौथ्या गिअरमध्ये ४० पासून ६० पर्यंत जोरात ओढा, थोडा वेळ वेग तसाच धरा, नंतर गिअर न काढता रेस सोडून गाडी आपोआप मंदावू द्या. या तीन अवस्थांमध्ये आवाजाचं काय होतं तेच खरं निदान.

ओढताना सूर लागतो आणि रेस सोडताच जातो, किंवा याच्या उलट होतं, तर बोट क्राऊन-पिनियनच्या दातांकडे जातं. दाताची एक बाजू ओढताना भार घेते, दुसरी रेस सोडल्यावर. जी बाजू झिजली तीच गाते. फक्त रेस सोडल्यावर, विशेषतः उतारावर, आवाज वाढत असेल तर पिनियनची बेअरिंग सैल झाल्याचा संशय घ्या. सैल पिनियन भार उलटला की पुढे-मागे सरकतं आणि दातांची जुळणी बिघडवतं. चोर्ल्याचा जो सूर वर सांगितला तो या जातीचा.

तिन्ही अवस्थांत आवाज सारखाच, फक्त वेगाबरोबर चढतो-उतरतो, तर बेअरिंग. चाकाचं असेल किंवा क्राऊनच्या बाजूचं. ते ठरवायला वळण कामी येतं. मोकळ्या जागी सावकाश डावीकडे, मग उजवीकडे वळा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, तेव्हा घुरघुर वाढली तर उजवं बेअरिंग. सरळ रस्त्यावर गाडी गप्प आणि वळणावरच कडकड वाजते, तर पोटातले छोटे गिअर किंवा त्यांचे वॉशर झिजलेत. फुटबॉलचं मैदान रिकामं मिळालं तर ही चाचणी तिथे उत्तम होते, फक्त पावसाळ्यात मैदान उकरू नका.

गाडी उभी असताना रेस दिली आणि तोच आवाज आला तर मागे बघायचंच नाही, दोष इंजिन किंवा गिअरबॉक्सकडे आहे. चालत्या गाडीत क्लच दाबून दोन-तीन सेकंद ऐकायचं असेल तर सपाट, रिकाम्या रस्त्यावरच, आणि इंजिन चालू ठेवून. इंजिन बंद केलं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत संपते. घाटात हा प्रयोग कधीही करू नका.

उरला 'ठक्'. पहिला गिअर टाकून क्लच सोडताना एक, रिव्हर्सला दुसरा. लोक लगेच डिफरन्शियलला दोष देतात, पण अशा वेळी मी क्रॉस, शाफ्टची स्प्लाइन (त्याचा दातेरी सरकता जोड), पाट्याचे बुश आणि ढिले यू-बोल्ट या क्रमाने बघतो. गोळा सगळ्यात शेवटी.

गाडीखाली जाण्याआधी

इथे घाई करणाऱ्यांचे जीव गेलेले आहेत, म्हणून नीट वाचा. बहुतेक पिकअपमध्ये हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो. मागची चाकं हवेत गेली की हँडब्रेक असून नसल्यासारखा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा चिरे लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही. चिरा फक्त चाकाला टेकण लावायला. गाडीचा भार पेलायला चिरा वापरू नका, तो सूचना न देता फुटतो. भार घ्यायला लोखंडी घोडी हवी, दोन्ही बाजूंना. आपल्या तांबड्या मातीच्या अंगणात पावसानंतर जॅक बघता बघता रुततो, त्यामुळे खाली जाड फळी टाका. आणि एक चाक वर, एक खाली अशा स्थितीत इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. खालच्या चाकाने पकड घेतली की गाडी जॅकवरून उडी मारते.

आता हात फिरवायला लागा. प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि गोल हलवा. क्रॉसच्या कपाजवळ तपकिरी भुकटी दिसली तर ग्रीस संपून आतल्या बेअरिंगच्या सुया गंजल्या आहेत. असा क्रॉस बाजारात हळू चालताना 'चूं चूं' करतो आणि वेग घेतला की ऐकू येईनासा होतो. पाण्यातून आणि चिखलातून जाणाऱ्या आपल्या गाड्यांना क्रॉसच्या ग्रीसकडे पावसाळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं. शाफ्ट उतरवायचा झाला तर आधी फ्लँजवर आणि स्प्लाइनच्या दोन्ही भागांवर रंगाची खूण करा. एक दात चुकवून जोडला तर पूर्वी नसलेली थरथर तुम्हीच गाडीत भरून ठेवाल.

पिनियनचा फ्लँज पकडून वर-खाली हलवा. इथे जराही हालचाल चालत नाही. गोल फिरवताना थोडी ढिलाई लागते ती सगळ्या दातांची मिळून असते, तिला घाबरू नका. वर-खाली खेळ सापडला तर पिनियनचं बेअरिंग नक्की खराब. यावर 'मधला नट जरा आवळून देतो' असं कोणी म्हणालं तर थांबवा. तो नट बेअरिंगवरचा ताण ठरवतो. पुष्कळ गाड्यांत आत दबणारा स्लीव्ह असतो, तो एकदा जास्त दबला की परत फुगत नाही. जादा आवळलेलं बेअरिंग गरम होऊन लवकर जातं, आणि तेव्हा ते पिनियनलाही सोबत घेऊन जातं.

चाक उचलल्यावर वर आणि खाली धरून हलवा, मग पाट्यावर तळहात ठेवून फिरवा. कान चुकतो तिथे हात चुकत नाही. उसगावच्या मेस्त्रींनी मला शिकवलेलं एवढंच. फिरवताना फक्त घासल्याचा आवाज आला तर ड्रम काढून बघा, आत सुकलेला चिखल किंवा संपलेले ब्रेक लायनर असतील. शिवाय पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणल्यावर दोन्ही हबजवळ हात नेऊन उष्णता ताडून बघा. आधी जवळ न्यायचा, एकदम टेकवायचा नाही. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच तापलेली असेल तर तिथे बेअरिंग तरी आहे किंवा अडकलेला ब्रेक तरी.

चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर बोटाला लावून वास घ्या. दाट, गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल, अर्थात एक्सलचं ऑइल सील गेलं. पातळ आणि तसा वास नसलेलं असेल तर ब्रेक ऑइल, ब्रेकचा सिलिंडर गळतोय. दोन्हीही लायनरवर पोहोचतात आणि त्या बाजूचा ब्रेक निकामी करतात, म्हणून ही दुरुस्ती 'पुढच्या महिन्यात बघू' अशी नाही. तेलात भिजलेले लायनर धुऊन परत बसवू नका, नवे घाला.

हबच्या मधोमध बोल्टांचं कडं असलेली टोपी बाहेर आलेली असेल तर तुमचा एक्सल 'फुल फ्लोटिंग' जातीचा. त्यात गाडीचा भार हब घेतो, एक्सल शाफ्ट फक्त फिरवतो, आणि चाक न काढताही शाफ्ट बाहेर ओढता येतो. तसं कडं नसेल तर बहुधा शाफ्टच भार घेतो. अशा गाडीत शाफ्ट तुटला तर चाकच निसटू शकतं, म्हणून तिथल्या बेअरिंगच्या खेळाकडे दुर्लक्ष चालणार नाही.

तेल

माझ्या मते गोव्यातल्या गाड्यांसाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रस्त्यावरच्या तुंबलेल्या पाण्यातून, ओहोळावरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी काढणं टळत नाही. हाऊसिंगवर एक छोटा ब्रीदर असतो. आतली हवा तापून फुगली की तिथून बाहेर जाते, थंड झाली की आत येते. तांबडी धूळ आणि चिखल बसून तो बुजला की मोठा घोटाळा होतो. तापलेलं हाऊसिंग थंड पाण्यात शिरतं, आतली हवा आकसते, ब्रीदर बंद असल्याने सीलच्या कडेतून पाणी ओढलं जातं. उलट उन्हाळ्यात कोंडलेला दाब तेल सीलबाहेर ढकलतो. लोक सील बदलतात, महिन्यात ते पुन्हा गळतं, आणि दोष सीलला मिळतो. ब्रीदर काढून डिझेलने धुणं हे दहा मिनिटांचं काम आहे. जूनच्या आधी एकदा आणि चवथीनंतर एकदा करा.

तेल तपासताना गाडी सपाट जागी हवी. आणि नियम असा: आधी भरायचा वरचा प्लग सुटतो का ते बघायचं, तो सुटला तरच खालचा सोडायचा. तेल ओतून टाकलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला तर गाडी जागेवरच अडकली. रायबंदर–चोडणसारख्या फेरीच्या धक्क्यांवर खारं पाणी चाकांखालून उडतं. तिथून रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांचे प्लग हमखास आवळून बसतात. अशा गाडीचा पोटाकडचा भाग आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा.

वरच्या भोकात करंगळी घाला. तेल भोकाच्या काठाशी असायला हवं. खूप खाली असेल तर ते गेलं कुठे हे शोधल्याशिवाय भरून मोकळे होऊ नका. रंग बघा. दुधाळ, कॉफीसारखं झालं असेल तर पाणी शिरलंय, आणि ते लगेच बदलायचं, कारण बेअरिंगला गंज धरायला फार दिवस लागत नाहीत. प्लगच्या चुंबकावर मऊ करडा लेप असणं स्वाभाविक आहे. बोटांत चुरगाळून बघा. चमकणारे पापुद्रे, सुईसारखे कण किंवा दाताचा तुकडा हाती लागला तर गाडी तिथेच उभी करा आणि आता मात्र गोळा उघडा.

भरताना पुस्तिकेत लिहिलेल्याच दर्जाचं तेल घाला. या गाड्यांच्या डिफरन्शियलला साधारण जीएल-५ दर्जाचं ईपी ९० किंवा त्याच्या जवळचं तेल लागतं. पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसवलेलं असतं, त्यामुळे दात एकमेकांवर घसरत चालतात आणि साध्या तेलाचा थर तिथे टिकत नाही. तेलाला येणारा गंधकी वास त्या खास रसायनांचाच. गिअरबॉक्सचं उरलेलं तेल 'एकच आहे' म्हणून इथे ओतू नका, आणि इथलं तिथेही नको. जीएल-५ काही गिअरबॉक्समधल्या पितळी भागांना सोसत नाही.

पाटे आणि हाऊसिंग

पाट्यांचा मधला सेंटर बोल्ट तुटला की हाऊसिंग मागे-पुढे सरकतं आणि गाडी तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ते आधी दिसतं. पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी सुतळीने मोजा, पुढची चाकं सरळ ठेवून. फरक स्पष्ट असेल तर आवाज बाजूला ठेवून हे आधी दुरुस्त करा.

मागचे दोन्ही टायर फक्त आतल्या कडेने झिजत असतील तर हाऊसिंग वाकलंय. हे जास्त भाराचं लक्षण. एक चिरा अंदाजे ३० किलोचा धरला तर ४० चिऱ्यांत १,२०० किलो होतात, म्हणजे पुष्कळ पिकअपची पूर्ण क्षमता. प्रत्यक्षात किती चिरे चढवले जातात ते बांधकामाच्या जागी उभं राहून मोजा. जुनी पिकअप विकत घेताना ती आधी कुणाकडे होती आणि काय वाहायची हे विचारायला संकोचू नका. नारळ आणि भाजी वाहिलेली गाडी आणि चिरे-वाळू वाहिलेली गाडी वरून सारख्या रंगवता येतात, मागचे टायर मात्र खरं सांगतात. हाऊसिंगच्या वेल्डिंगजवळ तेलाची बारीक रेघ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर पुसून, चालवून, परत बघा. परत आली तर तडा आहे.

गॅरेजमध्ये जाताना

आता वही घेऊन जा. 'मागून आवाज येतो' असं सांगितलं तर मेस्त्रींना अंदाजच करावा लागतो. 'पन्नासला, रेस सोडल्यावर, सरळ रस्त्यावर, भार असो-नसो, टायर अदलाबदल करून पाहिले' असं सांगितलं की चांगला मेस्त्री कान टवकारतो. तुमच्यासमोर एक फेरी मारायला सांगा. न चालवता गोळा उतरवायला निघालेल्याला गाडी देऊ नका.

क्राऊन-पिनियन खरंच गेलं असेल तर दोन्ही जोडीनेच बदलायचे. ते एकमेकांबरोबर घासून जुळवलेले असतात, सहसा जोडीचा क्रमांकही कोरलेला असतो. भंगारातलं एक आणि तुमचं एक अशी जोडी रडणारच. बेअरिंग आणि सील त्याच वेळी नवे घ्या. बसवल्यावर दातांना रंग लावून फिरवून पाहिलं का, रंगाचा ठसा दाताच्या मध्यावर आला का, हे स्वतः बघायला मागा. काम नीट करणाऱ्याला याचा राग येत नाही.

गाडी घरी आणल्यावर पहिल्या दिवशी रिकामी पंधरा-वीस किलोमीटर चालवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. पहिले काही दिवस पूर्ण भार, लांब चढ आणि सलग जास्त वेग टाळा. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तेल बदला, नव्या दातांचा सुटलेला चुरा त्यात असतो. प्लग काढाल तेव्हा चुंबक पुसायच्या आधी उजेडात धरून बघा.